कडेला दिसणारे दोन हात

पोरिरुआ, रविवार, ऑगस्ट १९९६

सुधीरकडे चहाला गेले होते. पुण्यात आम्ही दोघंही बास्केटबॉल खेळायचो. आता तो इथे डॉक्टर, मी फार्मसीत, आणि रविवारी अमेरिकेतले विसरलेले जुने खेळाडू उकरून काढायचे हा आमचा उद्योग. आजही तळमळून सांगत होता, जे आयुष्यभर नुसते पास देत राहिले त्यांचं नाव कुणी घेत नाही. आणि मी वेडी मान डोलावत होते.

मग त्याची मुलगी रियाच बोलून गेली. अमेरिकेतल्या एका कॉलेजने तिला खेळायला बोलावलंय. "कोच लव्ड बाबाज टेप, मावशी."

कसली टेप? लावलीच तिने. शाळेच्या मॅचेस. रिया बास्केट करतेय, परत रिया, परत रिया. माझी अनुजा त्याच टीममध्ये आहे, बहुतेक वेळा बॉल तिनेच दिलेला. पण टेपमध्ये ती कुठे आहे? कडेला दोन हात दिसतात, बॉल सोडणारे. बस.

"दोघींची टेप पाठवायचं ठरलं होतं ना?" मी विचारलं.

"अगं, कोच लोक पास कुठे बघतात," सुधीर म्हणाला. आणि चहा ओतायला लागला.

अशी टेप कापून उतरवायला दोन व्हीसीआर लागतात. गेल्या महिन्यात त्याने आमचा मागितला होता, भाच्याच्या लग्नाची कॉपी काढायची म्हणून. पोचवायला अनुजा गेली होती. वायरीही तिनेच जोडून दिल्या. त्याच दोन हातांनी.