बोटभर शौकी

प्रिय शौकीदादा,

युद्धात तू आचारी होतास, म्हणून तुला 'पळीबहाद्दर' चिडवणारा पहिला मीच. ते ऐकून ऐकून तू आपलं इस्माइलिया शहर सोडलंस, त्याला वीस वर्षं झाली.

परवाच्या छोट्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात मी कालव्याकाठची तुमची छावणी मांडली. बोटभर उंचीच्या विकतच्या खेळण्यातल्या सैनिकाची बंदूक कापली, हात वाकवले, पुट्टीचं पातेलं घडवून दिलं आणि तुझं नाक बसवलं. काम झकास जमलं.

एक म्हातारा भिंगातून बघत ओरडला, "अरे, हा तर शौकी! बॉम्ब पडत होते, तरी मसुराची आमटी घेऊन खंदकात सरपटत आला. नाहीतर उपाशी मेलो असतो!"

तू कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

पत्रातून माफी मागणं फार सोपं, म्हणून हे टपालात टाकत नाही. शुक्रवारी त्या म्हाताऱ्याला घेऊन तुझ्या दारात येतोय.

तुझा धाकटा,
वजदी