तीन मिनिटांचं अपयश

६ जानेवारी, पुणे
कोर्सचा शेवटचा महिना. वर्गात आम्ही बावीस जण, सगळे फौजेतून निवृत्त झालेले किंवा होऊ घातलेले. आजपासून "सर" म्हणायला बंदी. पहिल्या नावाने हाक मारा, कंपनीत असंच असतं म्हणे. ब्रिगेडियरसाहेबांना नुसतं "राजीव" म्हणताना जीभ टाळूला चिकटली. त्यांनी मला "दत्ता" म्हटलं आणि मी ताडकन उभा राहिलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.
शिकवणाऱ्या मॅडमनी बायोडेटा पुन्हा लाल केला. जिथे जिथे "आम्ही" तिथे तिथे "मी" लिहा. इतक्या वर्षांत एकट्याने काय केलं, आठवेना.

९ जानेवारी
मुलाखतीचा सराव. प्रश्न: तुमचं सर्वांत मोठं अपयश कोणतं? तीन मिनिटं, चार टप्पे. परिस्थिती, निर्णय, परिणाम, धडा. मी स्टोअरमधून हरवलेल्या दुर्बिणींचं सांगितलं. मॅडम हसल्या. "हे अपयश नाही, ही तक्रार झाली. खरं सांगा."
खरं सांगितलं. लान्स नायक बालाजी, फौजेतल्या माझ्या कंपनीचा ड्रायव्हर. मुखेडकडचा, मी औशाचा, म्हणजे तिकडे पोस्टिंगवर, डोंगरात, गाववालाच. बहिणीच्या लग्नाला रजा मागायला आला. "साहेब, दाजीचा कान पिळायला भाऊ पायजे न्हवं?" त्या रस्त्यावर त्याच्याइतका हात बसलेला दुसरा कोणी नव्हता, आणि वरचे मोठे साहेब तपासणीला यायचे होते. मी म्हणालो, चार दिवस थांब. तिसऱ्या दिवशी रस्ता खचला आणि गाडी खाली गेली. गाडीत तो एकटाच.
लग्नातली कानपिळी म्हणजे काय, ते इतरांना समजावून सांगावं लागलं. ब्रिगेडियर खिडकीबाहेर बघत बसले.
मॅडम हळूच म्हणाल्या, "हीच गोष्ट सांगायची. शेवट फक्त जरा वर आणा. आणि ते कान पिळायचं ठेवा, तिथे ऐकणारा हलतो."

१३ जानेवारी
शेवट वर आणला. "या प्रसंगातून मी मनुष्यबळाचं नियोजन शिकलो." वाचून स्वतःचीच किळस आली. तरी पाठ केलं. आता न अडखळता येतं.

१८ जानेवारी, लातूर
शनिवार-रविवार घरी. बायको, वैशाली, मेथी निवडत होती. तिच्यासमोर मोबाइलवर वेळ लावून म्हणून दाखवलं. वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, "पण तुम्ही तर त्यांना लिहिलं होतं, तो आपणहून थांबला म्हणून."
हो, लिहिलं होतं. जवान गेला की घरच्यांना पत्र कंपनी कमांडरने लिहायचं, स्वतःच्या हाताने. मी लिहिलं, बालाजीने स्वतः रजा पुढे ढकलली, त्याच्यासाठी कर्तव्य आधी होतं. आईबापाला अभिमान वाटावा म्हणून, असं नऊ वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं एवढंच, की मला त्यांच्यासमोर मान वर करून उभं राहायचं होतं.
तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. वैशाली आत बायकांत बसली होती. आत काय झालं ते आज सांगितलं तिने. बालाजीची माय ऊर बडवून म्हणत होती, "बहिणीच्या लग्नापरीस नोकरी मोठी झाली व्हय रे तुला?"
"तेव्हा का नाही बोललीस?"
"मला कुठं माहीत होतं, तुम्हीच थांबवलं म्हणून? आज कळतंय. तेही घड्याळ लावून."
मेथी तशीच टाकून आत गेली.

२३ जानेवारी, पुणे
मुलाखत. गोदामांची मोठी कंपनी, टेबलापलीकडे तिघं. अपयशाचा प्रश्न आलाच. येताना ठरवून आलो होतो, दुर्बिणी सांगायच्या. तोंड उघडलं आणि बालाजी बाहेर आला. टप्प्याटप्प्याने, थांबायच्या जागी थांबत. तिघांतल्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.
माझे कोरडे होते. लाज वाटली ती याची.

२७ जानेवारी
निवड झाली. १० फेब्रुवारीला हजर व्हायचं. मॅडमचा फोन: "तुमची गोष्ट रेकॉर्ड करून पुढच्या बॅचला दाखवू?" नाही म्हणालो. एवढं एक बरं केलं.
घरी कळवलं. वै. म्हणाली, "मुखेडला कधी जाताय?" नोकरीबद्दल चकार शब्द नाही.

३० जानेवारी, लातूर
कोर्स संपला. प्रमाणपत्र, फोटो, हवेत उडवायला टोप्या नाहीत म्हणून नुसत्याच टाळ्या.
दोन दिवस न जायची कारणं शोधतोय. म्हातारी माणसं, जुनी जखम, कशाला उकरा. वै. म्हणते, "जखम त्यांची. तुम्ही का झाकून ठेवताय?"
शेवटी बालाजीच्या वडिलांना, ग्यानोबा अण्णांना फोन केला. "या की साहेब. पर आताच कामून येऊन राहिलात?" साधाच प्रश्न. मला वाटलं, यांना कळलं. चोराच्या मनात चांदणं.

१ फेब्रुवारी
एसटीने अहमदपूरवरून मुखेड, पुढे जीप. अण्णा फाट्यावर उभे होते. वाकलेत. ओसरीत बालाजीचा वर्दीतला फोटो, त्याच्या बाजूला माझं पत्र, काच लावून. आणि पलीकडे आणखी एक फोटो, नवा, बालाजीच्या मायचा.
"दिवाळीत गेली. तुमास्नी कळवायचं ऱ्हाऊन गेलं बगा."
त्याच पावली परत फिरावंसं वाटलं. पण अण्णांनी पाट मांडला. आधी जेवा म्हणाले. भाकरी, वांग्याचं कालवण, कच्चा कांदा. खाल्लं. त्यांचं अन्न खाऊन मग सांगितलं. टप्पे नाहीत, धडा नाही. मुलाखतीत हेच सांगून नोकरी लागली, तेही सांगितलं. किती वेळ लागला माहीत नाही. मध्येच रडू फुटलं, ते आवरलं नाही.
अण्णा खाली बघत होते.
"मंग त्यानं रजा मागितली व्हती."
"हो."
"तुमी दिली न्हाई."
"नाही दिली, अण्णा."
"आन हितं तिनं नऊ वर्सं त्याच्या फोटूला हार घातला न्हाई. म्या घालायचो. ती म्हणायची, ज्याला आपली याद आली न्हाई, त्याला हार कशापायी." मग म्हणाले, "जाताना बी त्याचं नाव घेतलं न्हाई तिनं."
माफ करा म्हणालो. माझा हात त्यांच्या गुडघ्यावर होता, तो त्यांनी धरला नाही, झटकलाही नाही.
"दिवाळीच्या आदी आला असतात तर," एवढंच म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही.
फाट्यापर्यंत सोडायला आले, मी नको नको म्हणताना. रुक्मीन, बालाजीची बहीण, देगलूरला दिलीय. "तिला म्याच सांगतो. भावाचा लई राग हाय तिच्या मनात. आता त्यो कुटं ठिवायचा, तिचं तीच बघील."
जीपमध्ये बसल्यावर वळून बघायची हिंमत झाली नाही.

२ फेब्रुवारी, लातूर
सकाळी रुक्मीनचा फोन. नाव सांगितलं, मग:
"अण्णानं समदं सांगितलं. एक इचारू?"
"विचार."
"ह्ये तुमी त्या कंपनीवाल्यांस्नी सांगितलं, आन तुमाला नोकरी लागली?"
"हाव," म्हणालो. दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं.
तिकडे कुकरची शिटी झाली. वाटलं, आता फोन ठेवेल. ठेवला नाही.
"मंग मला बी सांगा. त्यांस्नी सांगितलं तसं न्हाई. रजा मागाया आला तवा त्यो काय काय म्हणला, कसा म्हणला. माझ्या लग्नाचं काय बोलायचा त्यो गाडीत. समदं."
"येतो. कधी येऊ?"
"इतवारी या. आन माफ करीन म्हणून येऊ नगा. मला बी अजून ठाव न्हाई."
इतवार म्हणजे ९ तारीख. दुसऱ्या दिवशी पुण्यात हजर व्हायचं. कंपनीच्या पत्रावर अजून सही केलेली नाही. वै. विचारत नाही, मी बोलत नाही.
दुपारपासून वही घेऊन बसलोय. तो गाडीत तासन्तास बोलायचा. शेजारच्या सीटवर मीच असायचो. वर्गात जेवढं सांगितलं, मुलाखतीत जेवढं सांगितलं, तेवढंच आठवतंय, त्याच शब्दांत. त्याच्या बाहेरचं त्याचं एकही वाक्य अजून आलेलं नाही.