आपटलेलं दार

लिंबायत, सुरत
१४ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळ

दिवाळीआधी आण्णांशी भांडून मी घराचं दार आपटलं, तेव्हाच सगळं बदललं. कॉलेज सोडून कापडाच्या लूमवर कामाला लागलो ते सुनंदासाठी. तिला स्थळं येतायत. वाटलं, मला नोकरी लागली की ती थांबेल.

आज जिन्यात तिला हेच सांगितलं. ती म्हणाली, "समोरच राहते रे मी. मला फक्त दार ऐकू आलं. कॉलेज अर्ध्यावर सोडणारा, बापावर दार आपटणारा, उद्या माझ्यावर नाही आपटणार?"

"अगं वेडे, तुझ्यासाठी सोडलं!"

"बघ, ओरडलास."

अर्थशास्त्राचे सर सांगायचे, समोरचा माणूस कसा आहे ते माहीत नसतं. म्हणून त्याच्या चालीवरून समज करून घ्यायचा, आणि त्या समजावर आपली चाल खेळायची. समज आणि चाली एकमेकांना धरून राहिल्या, कुणालाच चाल बदलून फायदा उरला नाही, की तो समतोल. समतोल कसला, कोंडी! कॉलेजात परत गेलो तर म्हणेल, कामही सोडलं. कामावर राहिलो तर हट्टी. गप्प बसलो तर? तर तिच्या कानात तेच दार.

एकदा बसलेला समज मोडायचा कसा, ते सर पुढे शिकवणार होते. मी तोवर थांबलो कुठे!

रात्रपाळीची वेळ झाली. आण्णा पेपरातून मान वर करत नाहीत. निघतो. दार हळू लावणार आहे, कडीसुद्धा वाजू न देता. हळू लावलेलं दार समोर ऐकू जात नाही, कळतंय मला. तरी हळूच लावतो.