पदर तोंडाला लावू नको

माय,

पुण्यातूनच पाया पडतो. मी मजेत हाये, जेवण बराबर होतंय. तुझे गुडघे अजून दुखून राह्यले का?

दिवाळीला तू मुक्या सुनेची गोष्ट सांगितली, ती मी मोबाईलवर भरून घेतल्ती. आमच्या कंपनीनं ऑनलाइन टाकली. दोन लाख लोकांनी ऐकली! साहेब बिलकुल खूश.

पाऊण घंट्याची गोष्ट दीड मिनटात बसवायची व्हती, मंग कापली. मधी आपला भुजंगदादा आठवून तू रडलीस, तेवढंच ठेवलं. शेजारची तृप्ती खालच्या कमेंटी वाचून दाखवायली तर ऐकू नको.

आता दादा गेला त्या दिवसाचं साहेब मागून राह्यले. रविवारी येतो. सांगताना पदर तोंडाला लावू नको माय, रडणं नीट ऐकू येत न्हाई.

तुझाच,
सोमेश्वर