शेरा: खरखर

९ ऑक्टोबर

चिमे,

हे पत्र आधी पुरतं वाच, मग फाड. आम्ही सगळे ठीक. जिना चढताना आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याच्याहून जास्त. तुझी खुशाली तिच्याकडूनच कळते.

प्रयोगशाळेत माझी भांडणं चालूच आहेत. काल माझ्या निबंधावर समितीपुढे तासभर बोललो. म्हटलं, मीटरभर हवेतून दहा लाख व्होल्टची ठिणगी पडते तेव्हा क्ष-किरण निघतात. पुस्तकं सांगतात, साध्या हवेत इलेक्ट्रॉनला क्ष-किरण काढण्याइतकं जोरात पळायला जागाच नसते, पावलोपावली टक्कर. पुस्तकं मीही वाचली आहेत. ठिणगीने वाचलेली नाहीत. एकाच पत्र्याच्या पेटीत मी क्ष-किरण टिपणारे दोन शोधक ठेवले, एक उघडा, एक किरण अडवणाऱ्या शिशाने मढवलेला. ठिणगी पलीकडे पोचण्याच्या क्षणभर आधी उघड्याच्या आलेखावर टोक उमटतं. शिशातला गप्प. तारांमधली खरखर असती, तर दोघांनीही केली असती.

अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं आणि जुनी नोंदवही उघडली.

"सहा वर्षांपूर्वी हीच टोकं दिसली होती. शेरा आहे, 'खरखर. दुर्लक्ष करावे.' सही तुमची."

सभा गाजवणाऱ्या तुझ्या दादाने वही जवळ ओढून सही पाहिली. माझीच.

तेव्हा तू माझ्याच प्रयोगशाळेत होतीस, ती टोकं तुला दिसली होती. तू जिन्यापर्यंत मागे आलीस. "दादा, शिशाच्या दोन विटा दे, दुपारपर्यंत खरं-खोटं सांगते." मी म्हणालो, "शिसं कशाला, डोक्यात घालायला?" सगळे हसले. मला भाषणाला उशीर होत होता. विषय होता, 'प्रश्न विचारायला शिका'.

आलेख मी पाहिलाच नव्हता, चिमे. घरी मात्र सांगत आलो की नीट तपासून शेरा मारला, नोकरी तूच हट्टाने सोडलीस.

काल तरी कबूल करायचं. तर म्हणालो, "तेव्हाची उपकरणं जुनी होती." उपकरणं तीच आहेत. निबंध परत आला. रात्रभर समितीला शिव्या घातल्या, पण एकही नीट लागू पडेना.

आज त्यांना लेखी कळवलं: शेरा न बघता मारला, पहिलं निरीक्षण बहिणीचं. निबंधावर तुझं नाव आधी घातलं आहे. तुझी सही हवी. नको असेल तर तसं लिही, पण तू लिही.

जुना शेरा खोडलेला नाही. नोंदवहीत खाडाखोड करायची नाही, हा तुझाच नियम. त्याच्याखाली तुझ्यासाठी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.

न बघता सही करणारा,
तुझा दादा