पळण्याआधीचं सरबत

३ फेब्रुवारी २००८
तेरा मिनिटं चाळीस सेकंद! तीन किलोमीटर एवढ्यात मी कधीच काढले नव्हते. नेहमी चौदा पंचवीस. आई शाहूपुरीत ज्या दुकानात पॅकिंगला जाते, तिथल्या निर्मलावहिनींनी एनर्जी ड्रिंकचा डबा दिलेला — "पोरीला दे, पळतीया न्हवं." पळायला जायच्या आधी पिऊन टाकला. पहिल्या फेऱ्यांत पाय जमिनीला लागत नव्हते. संपल्यावर मात्र छाती अशी उडायला लागली की कठडा धरून बसले. मधेच एक ठोका चुकायचा, मग दोन एकदम. अर्धा तास. मेलेच म्हटलं.

घरी येऊन आईला वेळ सांगितली. ती इतकी खूश झाली की पुढचं बोललेच नाही.

५ फेब्रुवारी
आईनं दुसरा डबा आणला. नको म्हटलं. "का गं? झ्याक पळालीस की." म्हटलं, पोलीस व्हायचं तर स्वतःच्या दमावर. उगाच मोठेपणा. खरं तर भ्यालेय. छातीचं कळलं तर ही ग्राउंडवर पाऊल टाकू देणार नाही, आणि मे महिन्यात माझं वय निघून जातंय. ही शेवटची भरती.

आता पळायच्या आधी फक्त तिच्या हातचं कोकम सरबत.

११ फेब्रुवारी
डबा नाही, चहासुद्धा सोडला, तरी परत तेच. चौदा पन्नास — आधीपेक्षा वाईट. सुरुवातीला सुसाट, मग अंगात काही उरतच नाही. म्हणजे दोष माझ्यातच आहे. त्या डब्यानं फक्त दाखवून दिला. सरबतही आजकाल औषधासारखं लागतं. तोंडाची चवच गेली.

१२ फेब्रुवारी
झोप नाही. हात थरथरतात.

१५ फेब्रुवारी
चौथ्या फेरीला पडले. आमच्या गल्लीतला नागसेनदादा सराव घेतो, त्यानं उचलून सावलीत नेलं. नाडी धरली आणि त्याचा चेहराच बदलला. "निशा, हे दमल्याचं न्हाय. डॉक्टरकडं चल." आईला सांगू नको म्हणून हात जोडले. म्हणाला, "सांगणार. व्हय, सांगणारच."

दादानं आईला सांगितलंच. ती पदराचं टोक पिळत बसली.

१८ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली. ठोके वेडेवाकडे. "चहा, कॉफी, ताकदीचं काही घेतेस?" म्हटलं, बंद केलंय सगळं. खरंच तर बोलले. मग म्हणाल्या, तर हृदयच तपासायला हवं. सोनोग्राफी सव्वीसला. तोवर पळायचं नाही.

भरती एकवीसला आहे, म्हटलं. त्या कागदावर लिहीत राहिल्या.

२१ फेब्रुवारी
गेले नाही. दादा दोनदा दारात येऊन गेला. पांढरे बूट खाटेखाली ढकलले. सहा वर्षं पहाटे उठले ती कशासाठी? गल्लीतल्या पोरी माझं बघून सरावाला यायला लागल्या होत्या. त्यांना काय सांगू — माझं काळीजच कच्चं निघालं?

२३ फेब्रुवारी
धडधड थांबलीय. पळायचं सोडलं म्हणून. आता असंच जगायचं, हळूहळू चालत.

२६ फेब्रुवारी
हृदय ठणठणीत. काही म्हणजे काही नाही. पट्टीपण सरळ आली. बाई रागावल्या, "काहीतरी घेत होतीस तू. खरं सांग." शपथ घेऊन सांगितलं. विश्वास बसला नाही त्यांचा.

रस्त्यातच रडले. काळीज चांगलं, आणि भरती संपली.

२७ फेब्रुवारी
आईला रिपोर्ट वाचून दाखवला. ती उठली, तांदळाच्या डब्यामागनं एनर्जी ड्रिंकचे चार डबे काढून माझ्यापुढं ठेवले. "एवढंच उरल्यात. सरबतातनं एक दिवसबी चुकवला न्हाय बघ. पहिल्या दिवशी कशी पळालतीस, तूच म्हणालीस न्हवं?"

मीच म्हणाले होते. वेळ तेवढी सांगितली होती.