पाठराखिणीचं तोंड

गागोदे बुद्रुक, ता. पेण
१२ एप्रिल १९७८

चि. सगुणास मालूताईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

महिनाभर तुझं पत्र नाही. जगनच्या विचारात मिठागरावर मीठ ओढायचंसुद्धा विसरतेस, असं मावशी सांगत होती.

माझं लग्न वैशाखात धरलंय आणि पाठराखीण म्हणून तूच यायचंस. आई म्हणते, सगुणा फटकळ, दुसरी मवाळ कोणी बघू. मी हटून बसले. मांडवपरतणीपर्यंत नवरीने सासरी तोंड उघडायचं नाही, बोलायचं ते पाठराखिणीने, ही आपली रीत. मग मुकी घेऊन जाऊन मी काय करू?

एक काळजी आहे गो. अलिबागला नर्सिंगचं माझं शेवटचं वर्ष राहिलंय. ते पुरं करू देऊ, असं सासरे हैबतराव साखरपुड्यात चारचौघांत बोलले होते. आता वरशाहून, त्यांच्या गावाहून, निरोप आलाय की शिकली तेवढी पुष्कळ झाली. बाबा म्हणतात, लग्न होऊ दे, मग बघू. मग कोणी बघत नाही, हे मला कळतं. जूनमध्ये हजर झाले नाही तर नावावर काट बसेल.

तू मात्र यात पडू नकोस. जगन हैबतरावांचा सख्खा पुतण्या, तुझं जमतंय तेही त्याच भावकीत. नुसती शेजारी बस, माझा हात धर. मोतिया साडी पाठवतेय, तीच नेस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मालूताई

डोलवी, ता. पेण
२४ मे १९७८

ती. मालूताईस सगुणाचा नमस्कार.

तुझ्या मोतिया साडीला हळदीचे डाग पडले, नव्या चपला मांडवातून कोणीतरी लांबवल्या, आणि जगनही गेला. त्याच्या आईने, धोंडुबाईंनी, निरोप धाडला की एवढी तोंडाळ सून आम्हाला झेपायची नाय. आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, तेही ताट आपटून.

देवाशपथ, मी गप्पच बसणार होते. पण शेवटच्या दिवशी सगळी भावकी पंगतीला बसली आणि हैबतरावांनी रीतीप्रमाणे मला विचारलं, सून काय मागते? नथ त्यांनी खिशात तयारच ठेवली होती. तेवढ्यात माझ्या हातातला तुझा हात गारठला. मग मला राहवेना. म्हटलं, सून अलिबागचं वर्ष मागते, साखरपुड्यात दिलेला शब्द मागते. अगो, पापड मोडायचा आवाजही थांबला! पंगतीतलं मागणं परतवायचं नसतं, म्हणून देतो म्हणाले आणि भरल्या पानावरून उठले.

जगन समोरच वाढत होता. वरणाचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. लग्न मोडलं ते त्याच्या आईने, पण हा गप्प राहिला ते जास्त लागलं गो. मिठागरावर जाऊन पोटभर रडले. तिथे खारं पाणी कोणाचं, कोण विचारतंय!

पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच बोलेन. तू अलिबागला गेलीस एवढं कळव, म्हणजे माझं भरून निघेल. लोभाला डाग पडू देऊ नकोस.

तुझी,
सगुणा

अलिबाग
१० सप्टेंबर १९७८

चि. सगुणास पांढऱ्या साडीतल्या ताईचे आशीर्वाद.

आले गो, आले! जूनमध्येच हजर झाले, पत्राला मात्र उशीर झाला. मामंजींनी स्वतः माझी ट्रंक एस.टी.वर चढवली. तोंड फुगलेलं, पण दोरी दोनदा ओढून बघितली. सासूबाई हळूच म्हणाल्या की त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांची पाठराखीण तोंडात पदर धरून बसली होती. त्यांना पाटल्या मिळाल्या. हवं होतं ते सातवीच्या परीक्षेला बसायला.

आता तू खाली बस आणि मग वाच. धोंडुबाईंच्या मुलीचं, हौसाचं, माणगावला ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतर बार आहे. लग्नानंतर ती शिवणाचं दुकान चालवील हे सासरच्यांनी कबूल केलं होतं, आता कुरकुर करतात. काल धोंडुबाई खुद्द इथे आल्या. बराच वेळ घसा खाकरून त्यांनी विचारलं, तुझी ती मावसबहीण आमच्या हौसाची पाठराखीण होईल काय? मी अशी हसले की सिस्टर धावत आल्या. जगनही आला होता. तू कशी आहेस एवढं विचारायला त्याला चहाचे दोन कप लागले.

जायचं की नाही ते तू ठरव. तुझ्यावर माझा जीव आहे, हे पुन्हा लिहीत नाही.

तुझी,
मालूताई

डोलवी
१८ डिसेंबर १९७८

ती. मालूताईस सगुणाचा वाकून नमस्कार.

गेले! हौसा बिचारीचा काय दोष? पंगतीत मागणं मागितलं, तिच्या सासऱ्याने डोकं खाजवलं आणि दिलं. हौसाचं मशीन ओटीवर लागलंसुद्धा.

मांडवपरतणीला तिला माहेरी घेऊन आले, तर सगळी भावकी अंगणात जमलेली. धोंडुबाईंनी मला स्वतःच्या हाताने गूळपाणी दिलं. आणि जगन पुढे आला. सगळ्यांदेखत म्हणाला की मे महिन्यात मी बोलायला हवं होतं, बोललो नाय, चुकलो. सगुणा हो म्हणत असेल तर मला तीच हवी. कान लाल झाले होते, पण आवाज पडला नाही.

मला आतून इतका आनंद झाला गो, की नाचावंसं वाटलं. पण मी पदर नीट केला, खाली मान घातली आणि सांगितलं की नवरी बोलत नसते. माझी पाठराखीण अलिबागला आहे, तिला विचारा. हैबतराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

तर मायलेक रविवारी तुझ्याकडे येतील. हो म्हण, पण लगेच नको, जरा घाम फुटू दे. आणि पंगतीत विचारतील तेव्हा नथ-बिथ मागू नकोस. सांग, यापुढे या घरात नवरीला काय हवं ते नवरीलाच विचारायचं.

मोतिया साडी धुऊन ठेवली आहे. हळदीचे डाग गेले नाहीत. माझ्या लग्नात तीच तुला नेसायची आहे.

तुझी तोंडाळ,
सगुणा